उंच बैठकीची गाडी



मोटारगाडीवर भाषण व्हावयाचें म्हटल्यावर आपणांपैकीं कांहींना जाहिरातीचा संशय आला असेल. तो प्रथमच दूर करितों. माझ्या दारांत उभ्या असलेल्या गाडीचें नांव मी शेवटपर्यंत घेणार नाहीं, आणि ती ज्या कारखान्यांत तयार झाली त्याचेंही घेणार नाहीं. नांव घेऊन फारसा लाभही नाहीं. या वर्गाच्या सात-आठ गाड्या आज बाजारांत आहेत, आणि त्यांचीं तोंडें झांकून त्या शेजारीं शेजारीं उभ्या केल्या, तर आपली कोणती हें पुष्कळ मालकांना सांगतां यावयाचें नाहीं. अशी एक गाडी मीं धाराशिवांत राहून दीड वर्षांत सुमारें २२,००० किलोमीटर चालविली. त्या चालविण्यांत काय सुख मिळालें, काय खटकलें, आणि कोणत्या एका गोष्टीचा मनाला घोर लागला, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

या वर्गाचें इंग्रजी नांव लांबलचक आहे. व्यवहारांत त्याचीं ‘एसयूव्ही’ हीं तीन आद्याक्षरें तेवढीं उरलीं आहेत. पहिल्या अक्षराचा अर्थ क्रीडा, दुसऱ्याचा उपयोग, तिसऱ्याचा वाहन. पैकीं क्रीडेचा आमच्या घराशीं संबंध इतकाच कीं, मागच्या आसनावर मुलें भेंड्या लावतात. उपयोग मात्र खरा आहे. गाडीची लांबी सुमारें ४.३ मीटर, रुंदी १.८ मीटर, पोट जमिनीपासून १९० मिलिमीटर उंच, एंजिन दीड लिटरचें, पेट्रोलवर चालणारें, माणसें पांच. या वर्गाची किंमत अकरा-बारा लाखांपासून वीस लाखांपर्यंत कोठेंही जाते. ‘परवडणारी’ हें विशेषण विक्रेते लावतात. महाविद्यालयांतील अध्यापकानें हप्ते भरतांना तो शब्द जपूनच उच्चारावा. सरकारी कोष्टकांतही तिला कोणी गरिबाची गाडी म्हणत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आंतील लहान एंजिनाच्या गाडीवर वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला, आणि त्यापलीकडील गाडीवर ४० टक्के. वीत-दीड वीत जास्त लांबीचें हें मोल! तें कशासाठीं द्यावयाचें, हा वाद आमच्या घरीं पुष्कळ दिवस चालला होता. त्याचा निकाल शेवटीं आईच्या गुडघ्यांनीं लावला.

आईचें वय सत्त्याहत्तर. पंचाहत्तरीपुढील नागरिकांना एसटीचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य झाला आहे; तेव्हां प्रकृतीच्या तपासणीसाठीं महिन्याकांठीं सोलापुरास जाण्यास तिला एक पैसाही पडूं नये. पण एसटीची पहिली पायरी तिच्यानें चढवत नाहीं. आमची जुनी लहान गाडी बरोबर याच्या उलट. तींत चढावें लागत नसे, उतरावें लागे. आधीं पाठ आंत घालावयाची, मग डोकें वांकवून अंग खालीं सोडून द्यावयाचें, आणि मुक्कामावर पोंचल्यावर दोघांनीं दोन हात धरून तिला त्या खळग्यांतून वर काढावयाचें. फुकटचें वाहन फार उंच आणि घरचें वाहन फार ठेंगणें, अशा पेंचांत ती होती. नव्या गाडीची बैठक घरांतल्या खुर्चीहून किंचित् वर आणि स्वयंपाकघरांतल्या ओट्याहून बरीच खालीं येते. आई दाराकडे पाठ करून उभी राहते, तशीच मागें टेकते, आणि मग एकेक पाय आंत घेते. कोणाचा हात लागत नाहीं. प्रथम अशी बसली तेव्हां ती एवढेंच म्हणाली, ‘आतां कुणाला हाक मारायला नको.’ ज्यांच्या घरीं म्हातारें माणूस आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मोटारींच्या परीक्षणांत अश्वशक्ति किती, शंभराचा वेग किती सेकंदांत, हें सर्व तपशिलानें छापलेलें असतें. बैठक जमिनीपासून किती उंच आहे हें मात्र कोष्टकांत बहुधा सांपडत नाहीं. म्हणून ज्यांना अशी गाडी घ्यावयाची असेल त्यांनीं दुकानांत जातांना तरुण मुलाला नेण्यापेक्षां घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला न्यावें, आणि त्याला तीनदां बसवून तीनदां उतरवून पाहावें. आणखी एक बारीक गोष्ट पाहावी. दाराखालचा जो उंबरठा असतो तो पावसाळ्यांत चिखलानें माखतो. कांहीं गाड्यांचें दार खालपर्यंत येऊन तो उंबरठा झांकून घेतें, कांहींचें घेत नाहीं. पायजमा घालणाऱ्याला यांत काय विशेष, असें वाटेल. परंतु नऊवारी नेसलेल्या बाईच्या लुगड्याचा कांठ पहिल्याच पावसांत त्या उंबरठ्यावर पुसला जातो. ही परीक्षा कारखान्यांतील कोणा अभियंत्याला सुचली असेल कीं नाहीं, देव जाणे.

मागचें आसन तिघांचें म्हणून विकलें जातें. दोघांना तें प्रशस्त आहे. तिसरा लहान मूल असेल तर ठीक, मोठा असेल तर त्याला पाठीशीं एक उंचवटा आणि पायाशीं दुसरा उंचवटा घेऊन बसावें लागतें. आमच्याकडे तो मान पाहुण्या जांवयाला दिला जात नाहीं, धाकट्या भाच्याला दिला जातो. सामानाची जागा मात्र मनापासून चांगली आहे. लग्नकार्यास निघालेल्या पांच माणसांच्या पिशव्या, वर फराळाचा डबा, आणि परतीच्या वाटेवर भूम भागांतून घेतलेला खवा, एवढें सर्व तींत मावतें.

उंच गाडी ही वस्तु आमच्या भागाला तशी नवीन नाहीं. १९४५ मध्यें स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत विलिस जीपची जुळणी आरंभिली, आणि पुढें तहसीलदार, फौजदार, पाटबंधाऱ्याचे अभियंते हे सारे जीपमधूनच खेड्यांत उतरूं लागले. मग तीच जात काळी-पिवळी होऊन बाजाराच्या दिवशीं धांवूं लागली. आंत किती माणसें आहेत हें बाहेर लोंबकळणाऱ्यांवरून ताडावयाचें! नाशिकच्या कारखान्यांतून २००० सालीं बोलेरो आणि २००२ सालीं स्कॉर्पिओ निघाली, तेव्हां उंच गाडी प्रतिष्ठेचीही झाली. या सर्वांची मूळ रचना बैलगाडीची: खालीं साटा, वर बसण्याची पेटी, दोन्ही निराळीं. २०१२ नंतर मध्यम वर्गाच्या आटोक्यांत ज्या उंच गाड्या आल्या, त्यांना असा निराळा साटा नाहीं. पत्र्याच्या ट्रंकेप्रमाणें सारें अंग एकच, आणि त्याचा प्रत्येक पत्रा भार वाहतो. त्यामुळें वजन कमी, वळणावरचें डोलणें कमी, पायाखालची जमीनही खालीं. आईची सोय झाली ती यामुळेंच. जुन्या जीपची बैठक तिच्या कामाची नव्हती.

पण एक गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगत नाहीं. या वर्गांतील बहुतेक गाड्यांत एंजिनाची शक्ति पुढच्या दोनच चाकांना मिळते. रूप जीपचें आहे, पाय जीपचे नाहींत. मृगाच्या दोन सरी पडून गेल्यावर काळ्या रानांतील पाणंदींत ही गाडी घालून पाहिली कीं हा भेद कळतो. टायरच्या खांचा चिकण मातीनें भरून जातात, चाक भाकरीच्या परातीसारखें गुळगुळीत होतें, आणि गाडी जागच्या जागीं पाय झाडूं लागते. नंतर जवळच्या वस्तीवरून ट्रॅक्टर यावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला दोर बांधतांना गाडीच्या किंमतीची चौकशी हटकून करतो. शेतावर जाण्यासाठीं म्हणून जे ही गाडी घेतात त्यांनीं पावसाळ्याचे चार महिने शेत डांबरी सडकेला लागून आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आतां रस्त्यांविषयीं. आमच्या जिल्ह्यांत एकाच दिवशीं तीन प्रकारचे रस्ते लागतात. धाराशिवहून तुळजापूर, तामलवाडी आणि सोलापूर हा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तेथें गाडी अशी जाते कीं, आई अर्ध्या वाटेंत डुलकी घेते. तुळजापुराहून सोलापूरच्या बाजूस बालाघाटाचें पठार सोडून रस्ता घाटानें खालीं उतरतो. हा घाट सह्याद्रीच्या घाटांपुढें लहान भाऊच. तरी पांच माणसांचें ओझें घेऊन परत वर येतांना एंजिनाचा दम कळतो. चौथ्या गिअरवर हट्ट धरला तर गाडी कण्हते, तिसरा घातला कीं मुकाट्यानें चढते. या वर्गाच्या साध्या पेट्रोल एंजिनांची प्रकृति अशीच आहे. तीं चपळ नाहींत, परंतु कुरकुरीही नाहींत. ज्यांना ट्रक ओलांडण्याची फार घाई असते त्यांच्यासाठीं त्याच गाडीचा जास्त शक्तीचा व जास्त किंमतीचा अवतार मिळतो; मला त्याची उणीव भासली नाहीं.

दुसरा प्रकार जिल्ह्यांतल्या आडमार्गांचा. येथें कंत्राटदाराला बोल लावण्यापूर्वीं मातीचाही विचार करावा. आपली काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर बांधलेली सडक दरवर्षीं हा श्वासोच्छ्वास सोसते. पाणी प्रथम कडेनें शिरतें, म्हणून कडा आधीं तुटतात आणि मधला भाग लाटांसारखा होतो. अशा सडकेवर ताशीं पन्नासनें ही गाडी होडीसारखी हलकेच वर-खालीं होते; सत्तर केले कीं तीच लाट पोटांत जाणवते आणि मागचीं माणसें गप्प होतात. तीक्ष्ण कडांच्या खड्ड्यांचा हिशेब निराळा. येथें गाडीच्या उंचीपेक्षां टायरच्या जाडीला महत्त्व आहे. महागड्या प्रकाराला सतरा इंची चकचकीत चाकें आणि त्यांवर पातळ टायर येतात. स्वस्त प्रकाराला सोळा इंची चाकें आणि त्यांवर जाड टायर. दुकानांत पहिलीं शोभतात, आपल्या जिल्ह्यांत दुसरीं शोभतात. जास्त पैसे देऊन जास्त धक्के विकत घ्यावयाचे, हा सौदा मला कधीं कळला नाहीं.

ढोकीहून तेरला जातांना मला नेहमीं एक गोष्ट आठवते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक ग्रंथांत ज्या तगर नगराचा उल्लेख आहे, तें नगर म्हणजे आपलें तेर. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, आणि वाटेंत मोठमोठे प्रदेश रस्त्यांवांचूनचे होते, असें तो ग्रंथकार नमूद करतो. गोरोबाकाकांच्या दर्शनास निघालेली आमची मंडळी एखाद्या खड्ड्यावर उसळून वैतागलीं, म्हणजे मी त्यांना हा दोन हजार वर्षांचा इतिहास ऐकवितों. त्यानें खड्डा भरत नाहीं. तक्रार थोडा वेळ थांबते.

तिसरा रस्ता गांवांतला. धाराशिवच्या जुन्या वस्तींत, दर्ग्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, १.८ मीटर रुंदीची गाडी म्हणजे लग्नाच्या पंगतींत आडवा बसलेला पाहुणा. समोरून रिक्षा आली कीं दोघांपैकीं एकानें मागें जावयाचें. मागें पाहण्यासाठीं गाडीला डोळा बसविला आहे, आणि त्याचा उपयोग मोठा आहे. पेट्रोल मात्र येथेंच खर्ची पडतें. गांवांतल्या गांवांत एका लिटरला दहा-अकरा किलोमीटर, याहून जास्त मला कधीं मिळाले नाहींत. महामार्गावर ताशीं ८० राखले तर सतरा मिळतात, १०० वर नेले तर चौदा. सोलापूरचें अंतर पासष्ट किलोमीटर धरलें तर ऐंशीऐवजीं शंभरनें गेल्यास वाटेंत दहा मिनिटें वांचतात आणि पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल अधिक जळतें. वांचलेलीं दहा मिनिटें दवाखान्याच्या बांकावर बसून घालवावयाचीं असतात. तेव्हां मी ऐंशीच पसंत करितों.

सुखसोयींच्या यादींत दोन गोष्टींवर आजकाल फार भर असतो. एक म्हणजे छतास पाडलेली कांचेची खिडकी. लंडनच्या ढगाळ हवेंत ती सुखाची असेल. चैत्र-वैशाखांत पारा बेचाळिसावर गेला असतां डोक्यावर कांच घेऊन धाराशिव ते उमरगा जाण्यांत काय मौज आहे, हें मला उमगलेलें नाहीं. मुलांना तींतून मुंडकें बाहेर काढण्याची हौस असते. ती पुरविणें धोक्याचें आहे, आणि न पुरविणें घरांत कलहाचें. आम्ही ही खिडकी नसलेला प्रकार घेऊन दोन्ही टाळलीं. दुसरी गोष्ट पुढें बसविलेला स्पर्शाचा पडदा. पंख्याचा जोर कमी करावयास पूर्वीं हातानें चांचपून बटण फिरवीत. आतां कांहीं गाड्यांत त्यासाठीं रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर लावावी लागते. साधीं बटणें राखणारी गाडी मागासलेली नव्हे, शहाणी समजावी.

येथपर्यंत मीं जें सांगितलें तें आंत बसणाऱ्याच्या दृष्टीनें. आतां ज्या गोष्टीचा घोर लागला म्हणून आरंभीं म्हटलें, तिच्याकडे वळतों. आईला जी उंची वरदान ठरली, तीच उंची चालकाच्या डोक्यांत निराळें काम करते.

लहान गाडींत बसलेल्या माणसाला ट्रकचें चाक खांद्याएवढें दिसतें आणि तो आपोआप नम्र राहतो. उंच गाडींत बसलें कीं इतर गाड्यांचीं छपरें दिसूं लागतात, दूरवरचा रस्ता दिसतो, आणि आपल्याला सर्व कांहीं दिसत आहे अशी खात्री वाटूं लागते. ती खात्री खोटी आहे. एके रविवारीं मीं अंगणांत एक प्रयोग केला. गाडीच्या नाकाशीं पाण्याची कळशी ठेविली, स्वतः चालकाच्या जागीं बसलों, आणि पत्नीला ती कळशी हळूहळू दूर सरकवावयास सांगितलें. कळशीचा कांठ मला दिसूं लागला तेव्हां ती गाडीपासून आठ फुटांवर गेली होती. पुढच्या टोपणाची कड टेपनें मोजली. ती जमिनीपासून ९७ सेंटिमीटर भरली. चार वर्षांच्या मुलाचें डोकें तिच्या जेमतेम वर येतें, आणि खालीं वांकून चेंडू उचलणारें मूल तर येतच नाहीं. मागें डोळा बसविला, पुढें मात्र आपल्याच नजरेवर भिस्त ठेविली, हा या वर्गाच्या पुष्कळ गाड्यांतला उणेपणा आहे. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विमा संस्थेनें २०२३ मध्यें असें दाखविलें कीं, ज्या गाड्यांच्या टोपणाची पुढची कड ४० इंचांहून उंच आहे त्यांच्या धडकेनें पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंचांच्या आंतील उतरत्या तोंडाच्या गाड्यांच्या मानानें, सुमारें ४५ टक्क्यांनीं जास्त असतो. आमच्या गाडीची कड ३८ इंच आहे. म्हणजे त्या रेषेच्या अगदीं दाराशीं.

‘पण आमच्या गाडीला तारका आहेत,’ असें यावर पुष्कळ जण म्हणतात. आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांची टक्कर-चाचणी घेऊन त्यांना तारका देण्याची पद्धति सुरू झाली, आणि ती स्तुत्यच आहे. मात्र त्या तारकांची दोन मुख्य गुणपत्रकें आहेत: एक आंत बसलेल्या मोठ्यांचें, दुसरें आंत बसलेल्या मुलांचें. बाहेर चालणाऱ्याचें स्वतंत्र गुणपत्रक त्यांत नाहीं. शिवाय समोरची टक्कर ताशीं ६४ किलोमीटर वेगानें घेतात. टकरेचा आघात वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. शंभराच्या वेगांत तो चौसष्टाच्या जवळजवळ अडीच पट होतो. महामार्गावर शंभरनें जाणाऱ्यानें आपल्या तारका मनांतल्या मनांत पुन्हां मोजाव्यात. मागें बसलेल्यांनीं पट्टा बांधला नसेल तर त्या तारकांतील पुष्कळसा अर्थ तेथेंच संपतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा ज्या अपघातांत अंत झाला, त्यांत गाडी उत्तम होती. मागच्या आसनावर पट्टे मात्र बांधलेले नव्हते. आमच्या घरीं पट्टा बांधावयास सर्वांत जास्त विरोध आईचा होता, ‘आवळून टाकतो’ म्हणून. लुगड्याच्या पदराखालून तो कसा घ्यावा हें सुनेनें एकदां दाखविल्यावर विरोध मावळला.

आणि आमच्या महामार्गावर बाहेर चालणारे कोण आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. गळीत हंगाम लागला, म्हणजे साधारण नोव्हेंबरापासून, एका ट्रॅक्टरामागें दोन-दोन ट्रॉल्या उंसानें लादून कारखान्यांकडे निघतात. कित्येकांच्या मागें दिवा नसतो. लाल पट्टी असली तरी उंसाच्या पाचटाखालीं दडलेली. एंजिन कितीही चांगलें असो, त्या काळोखांत उपयोगीं पडतो तो कमी वेग आणि पुढील दिव्यांचा योग्य कोन. आमच्या गाडीचे दिवे उंचावर बसविलेले असल्यामुळें त्यांचा झोत नेमका समोरच्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांत जातो. मागें माणसें आणि सामान भरलें कीं गाडीचें नाक आणखी वर उचलतें. पुष्कळ गाड्यांत सुकाणूच्या उजव्या बाजूस हा झोत खालीं करण्याचें एक लहानसें चक्र असतें. मीं माझ्या ओळखीच्या गाडीवाल्यांना विचारून पाहिलें. बहुतेकांनीं त्याला कधीं हात लावला नव्हता, आणि दोघांना तें कशासाठीं आहे हेंच ठाऊक नव्हतें. आज घरीं गेल्यावर तें चक्र शोधून पाहावें. त्याला खर्च कांहीं नाहीं.

नवरात्राच्या आधींच्या रात्रीं तर याहून जपावें लागतें. आपल्या गांवच्या घटस्थापनेसाठीं तुळजापुराहून भवानीची ज्योत घेऊन तरुण मुलें अनवाणी धांवत निघतात. पुढें एकाच्या हातीं मशाल, मागें पांच-दहा जण, आणि त्यांच्यामागें एखादा टेंपो. मशाल दुरून दिसते. तिच्या मागचीं माणसें दिसत नाहींत. उंच गाडीच्या समोरच्या कांचेला दोन्ही बाजूंनीं जाड खांब असतात, आणि वळणावर त्या खांबाआड एक अख्खा माणूस लपतो. मी अशा वेळीं मान पुढें-मागें करून खांबापलीकडे पाहतों. मुलें त्याची नक्कल करून हंसतात. हंसोत.

आश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापूरपर्यंत लाखों भाविक पायीं येतात, आणि त्या दिवसांत हा मार्ग वाहनांना बंद ठेवितात. मागील कोजागिरीला नेमकी आईची तपासणी होती. आम्ही बार्शी-वैरागवरून वळसा घेतला. पासष्ट किलोमीटरांच्या जागीं एकशें दहाच्या आसपास झाले आणि तीन तास गेले. बार्शीच्या बाजूनेंही देवीला चालत निघालेल्यांच्या रांगा होत्याच. एका बाईच्या कडेवर मूल होतें, दुसरें तिच्या पदराला धरून चाललें होतें, माझ्या टोपणाच्या कडेहूनही खालीं. मीं गाडी कडेला घेऊन थांबविली. आईनें कांच खालीं केली आणि त्या बाईला विचारलें, ‘कुठून आलीस गं बाई?’ बाईनें गांवाचें नांव सांगितलें. मग दोघींचें बराच वेळ बोलणें झालें. आई आपल्या बैठकीवरून आणि ती बाई रस्त्यावर उभी राहून, दोघींचीं तोंडें जवळजवळ एकाच उंचीवर. आईनें फराळाच्या डब्यांतले चार लाडू काढून मुलांच्या हातांत दिले. ती मंडळी पुढें चालूं लागलीं, दूर गेलीं, आणि मग मीं गाडी सुरू केली.